शुगरची गोळी बदलली, आता काय सांभाळायचं?

डॉक्टरांनी शुगरचं औषध बदलून दिलं की घरी आल्याबरोबर जुन्या गोळ्या गोळा करा. उशीखालच्या, देवघरातल्या डब्यातल्या, सदऱ्याच्या खिशातल्या, वावरातल्या खोपडीत कुडाला खोचून ठेवलेल्यासुद्धा. सगळ्या एका पिशवीत भरून गाठ मारा आणि पुढच्या तपासणीला जाताना ती पिशवी सोबत न्या. त्यांचं काय करायचं ते तिथे ठरेल. तोवर त्या हाताशी नकोत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स होते, आता निवृत्त आहे. गावात अजूनही सगळे सिस्टरच म्हणतात, आणि संध्याकाळी ओट्यावर बसले की कोणी ना कोणी गोळ्यांची पिशवी घेऊन येतंच. मला स्वतःलाही शुगर आहे आणि माझीही औषधं बदललेली आहेत. कोणती गोळी आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांचं काम. त्यात मी पडत नाही. डोस ठरल्यावर दवाखान्याच्या दारापासून तुमच्या धुऱ्यापर्यंत जे होतं, तेवढ्यापुरतं हे लिहिते आहे.

आणि एक आधीच सांगते. गोळी बदलली की लोकांना धास्ती असते शुगर वाढण्याची. पहिल्या काही आठवड्यांत मला जास्त काळजी असते ती शुगर एकदम खाली जाण्याची. वाढलेली शुगर सहसा दोन दिवस तरी वेळ देते. उतरलेली अर्धा तासही देईल याची खात्री नसते.

एकच औषध, दोन पिशव्या

मागच्या हिवाळ्यात शेजारचे काकाजी आले. "सिस्टर, नवीन गोळी चालू केली तवापासून दुपारी हातपाय थरथरतेत. वावरात बसूनच जा लागते." त्यांच्याजवळ दोन पिशव्या. एकीत ग्रामीण रुग्णालयातून मिळालेली मेटफॉर्मिनची आणि ग्लिमेपिराइडची सुटी पाकिटं. दुसरीत तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी, तिच्या एकाच गोळीत ही दोन्ही औषधं. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून काकाजींच्या हिशेबानं औषधही वेगळं. सरकारी गोळ्या फुकट मिळालेल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याही चालू. रोज सकाळी दुप्पट डोस पोटात आणि वर कपाशीची वेचणी.

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. जुन्या आणि नव्या पाकिटाची ही बारीक अक्षरं एकमेकांशी ताडून पाहा. तुम्हाला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवा. नावाच्या शेवटी "एम १", "एम २" असं असलं तर तो आकडा बहुतेक वेळा ग्लिमेपिराइड किती मिलीग्राम आहे ते सांगतो. "दोन गोळ्या घ्या" असा त्याचा अर्थ नाही, पण तसा अर्थ लावणारे मी पाहिले आहेत.

डॉक्टरांसमोरून उठण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. आधीच्यातली कोणती गोळी बंद? नवी गोळी जेवणाआधी की नंतर? आणि एखाद्या दिवशी जेवण झालंच नाही तर ही गोळी घ्यायची की सोडायची? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि आमच्याकडे गरज त्याचीच जास्त. पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत जेवण वेळेवर होणारा माणूस मला दाखवा.

कोणत्या गोळीची काय खोड

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही एक जात. ही औषधं स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेतात, मग तुम्ही जेवला असा की नसा. म्हणून या गोळ्या जेवणाला बांधलेल्या हव्यात. यांनी आणि इन्सुलिननं शुगर धोक्याच्या खाली जाऊ शकते. किडनी कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर आणखी लवकर.

मेटफॉर्मिन एकटं असलं तर शुगर सहसा फार खाली नेत नाही. त्याचा त्रास पोटाला. मळमळ, पातळ शौच, तोंडाला लोखंडासारखी चव. डोस वाढवला की हे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं आपोआप शमतं. जेवणासोबत किंवा जेवणाच्या शेवटी घेतलं तर त्रास कमी. तरीही थांबत नसेल तर गोळी मनानं बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, हळूहळू विरघळणारी "एसआर" गोळी मिळते. ती मात्र तोडायची नाही, कुटायची नाही. तिचं रिकामं टरफल कधी कधी शौचात दिसतं. औषध अंगी लागलेलं असतं, घाबरू नका. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासायला सांगा. हे औषध ते जीवनसत्त्व कमी करतं.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही मंडळी शांत स्वभावाची. एकटी असली तर शुगर फार पाडत नाहीत. पण आधीची ग्लिमेपिराइड तशीच ठेवून वरून ही लावली तर त्या जुन्या गोळीचाच जोर जास्त जाणवू लागतो. "नवीन गोळीनं चक्कर येते" असं लोक म्हणतात, आणि पुष्कळदा चक्कर जुनीची असते.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल आपल्या भागात थोडं जास्त बोलावं लागेल. ही औषधं रक्तातली साखर लघवीतून बाहेर काढतात. साहजिकच लघवी वाढते, आणि लघवीची तपासणी केली की त्यात साखर दिसणारच. त्यावरून शुगर वाढली असं समजू नका. साखरेची लघवी म्हणजे बुरशीला मेजवानी. तेव्हा लघवीनंतर पाण्यानं धुणं, कोरडं ठेवणं, आणि खाज सुटली तर लाज न बाळगता सांगणं. बायका हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. दुसरं म्हणजे पाणी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात या गोळीनं अंगातलं पाणी आणखी कमी होतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड सुकणं ही त्याची खूण. बीपीची, पाणी कमी करणारी गोळी सोबत चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद पडलं, ऑपरेशन ठरलं, निर्जळी उपवास धरायचा आहे, अशा वेळी ही गोळी काही दिवस थांबवावी लागते. कारण या औषधावर असताना शुगरचा आकडा फार मोठा नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, धाप लागणं असं झालं तर शुगर मोजायच्या मशीनवर २०० दिसले तरी दवाखाना गाठा, आणि या गोळीचं नाव आधी सांगा.

पायोग्लिटाझोनचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. पण पायावर सूज आली किंवा दम लागला तर लगेच दाखवा. हृदय कमजोर असणाऱ्यांना ती चालत नाही.

वही आणि मशीन

शंभर पानी वही घ्या, मोबाइलमध्ये लिहीत बसू नका. तारीख, वेळ, आकडा, त्याआधी काय खाल्लं, काय काम केलं, गोळी घेतली की राहिली. नुसते आकडे लिहिलेली वही डॉक्टरांच्या कामाची नसते. "२१०" यातून काय कळणार? "२१०, दुपारी २, सकाळी बारशाला जेवलो" यातून कळतं.

मशीनच्या पट्ट्या महाग पडतात. म्हणून रोज उठून फक्त उपाशीपोटीची शुगर मोजण्यापेक्षा जोडीनं मोजा. एक दिवस सकाळच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. मग एक-दोन दिवसांनी तसंच रात्रीच्या जेवणाचं. कोणतं जेवण शुगर वर नेतं आणि कोणत्या वेळी ती खाली जाते, ते अशा जोड्यांतून लवकर उमगतं. इन्सुलिन असेल किंवा ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला असेल तर जास्त वेळा मोजावं लागेल. उपकेंद्रावर मशीन असतं, तिथेही मोजून घेता येते.

मोजण्याआधी हात साबणानं धुवा आणि कोरडे करा. सांगायला ही बाब किरकोळ. पण वरूड-मोर्शीकडच्या माझ्या बहिणीनं संत्रं सोलून बोट टोचलं, आकडा आला ३०० च्या वर. हात धुऊन दुसरं बोट टोचलं तर १४० च्या आसपास. त्या घाबरटपणात ती एक जास्तीची गोळी घेणार होती. बोट मधोमध न टोचता कडेनं टोचा, दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी वेचताना झोंबत नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. ऊन आणि दमट हवेनं पट्ट्या खराब होतात.

घरच्या मशीनमध्ये १५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे असतं. १५० आणि १६५ मध्ये फरक शोधत बसू नका, आणि प्रयोगशाळेच्या आकड्याशी भांडूही नका. बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. समजा एखादे आबाजी पंच्याहत्तरीचे आहेत, एकटे राहतात, तर डॉक्टर मुद्दामच सैल लक्ष्य देतात. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये.

ज्यांची शुगर महिनोन्‌महिने ३०० च्या घरात होती, त्यांना नवीन औषधानं १३०-१४० वर आली तरी थरथर, घाम, भूक असं होऊ शकतं. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. अशा वेळी साखर तोंडात टाकण्याआधी मशीन लावा. मशीन जवळ नसेल तर मात्र वाट पाहू नका, साखर खा.

वावरात

वेचणीच्या दिवसांत काय होतं पाहा. पहाटे उठायचं, चहासोबत गोळी टाकायची, शिदोरी बांधायची आणि उजाडताच वावरात. भाकर सुटते अकरा-बाराला. तोवर गोळी आपलं काम करत असते, वाकून-वाकून अंग आपलं काम करत असतं, आणि पोटात आहे कपभर गोड चहा. दहा वाजता घाम फुटतो. बाई म्हणते ऊन लागलं.

गोळी चहाला बांधू नका, न्याहारीला बांधा. आधी भाकर आणि जवसाची चटणी, नाहीतर रात्रीची पोळी आणि भाजी, जे असेल ते, त्यासोबत गोळी, मग वावर. जड कामाच्या दिवशी निघण्याआधी मोजा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाल्ल्याशिवाय निघू नका. सोंगणी, डवरणी, वेचणी असा हंगाम लागणार असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. तुम्ही तपासणीला रिकामपणी उन्हाळ्यात गेलात, तेव्हा ठरलेला डोस कामाच्या दिवसांत जास्त होऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं: "साहेब, पुढच्या महिन्यापासून दिवसभर वेचणी आहे."

खिशात किंवा ओटीत ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा. साखरही चालते, गूळही चालतो, पण तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (पुन्हा ती बारीक अक्षरं) तर साखर आणि गूळ फार हळू लागतात. हे औषध साखर पचायचा वेगच कमी करतं. अशांनी ग्लुकोजच ठेवावं. सोबत वेचणाऱ्या एका बाईला तरी ती पुडी कुठे आहे ते माहीत पाहिजे.

७० च्या खाली गेली की शुगर उतरली असं धरा. घाम, थरथर, धडधड, जिभेला-ओठांना मुंग्या, एकदम राग, बोलण्यात गोंधळ. बीपीसाठी किंवा हृदयासाठी अटेनोलोल, प्रोप्रानोलोलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड लपून जाते. घाम मात्र येतोच. काम तिथेच सोडून सावलीत बसा. तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी मोजा. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकर-पोळी काहीतरी पोटभर खा, नाहीतर ती परत उतरेल. आणि बरं वाटलं म्हणून लगेच ओळीला लागू नका. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळीनं उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरते, त्यामुळे त्या दिवशी घरी कोणीतरी सोबत असावं, रात्री उठून मोजावं, आणि दवाखान्यात कळवावं. पुढचा डोस विचारल्याशिवाय नको.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, गूळ नाही. श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

फवारणीच्या दिवसांची एक वेगळी अडचण आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. घाम, चक्कर, गोंधळ हे त्या विषानंही होतं आणि शुगर उतरल्यानंही. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, मांसपेशी फडफडणं असं दिसलं तर विष समजा; कपडे काढा, अंग साबणानं धुवा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना. मशीन असेल तर जाता जाता शुगरही मोजा. शुगरवाल्यानं उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊच नये असं माझं मत आहे, आणि खरं तर कोणीच घेऊ नये.

दारूबद्दलही बोललं पाहिजे. मोहाची असो की देशी, उपाशीपोटी घेतली तर यकृत साखर सोडायचं थांबवतं आणि काही तासांनी, बहुतेक मध्यरात्री, शुगर उतरते. रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसाला लोक "पिऊन पडला" म्हणून ओलांडून जातात. घरच्यांनी तरी ओलांडू नये, बोट टोचून पाहावं.

रात्री उशी घामानं भिजलेली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, आणि उपाशीपोटीची शुगर कधी जास्त कधी कमी असं होत असेल तर पहाटे तीनच्या सुमारास एक-दोनदा मोजून वहीत लिहा.

सुई लागली तर

"सुई लागली म्हणजे आता शेवट" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वाद घालणं सोडून दिलं आहे. मी सरळ सिरिंज हातात देते आणि शिकवते.

भारतात इन्सुलिनच्या शिश्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० चं. ४० च्या शिशीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी टोपणाची. मेडिकलवाल्यानं घाईत दुसरी दिली तर काय होतं ते एकदा हिशेब करून बघा. ४० च्या शिशीतून केशरी सिरिंजनं "२०" पर्यंत ओढलं तर अंगात जातात ८ युनिट. शुगर उतरतच नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलट १०० चं औषध लाल सिरिंजनं "२०" पर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट. हे जिवावर बेतू शकतं. शिशीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, दर वेळी नवी सिरिंज आणली की पाहा.

३०/७० चं मिश्र इन्सुलिन दुधाळ असतं. शिशी दोन तळहातांत धरून हलकेच गोल फिरवा, सगळीकडे सारखी दुधाळ होईपर्यंत. खळखळ हलवू नका. तळाशी पांढरा थर तसाच राहू दिला तर एक दिवस पाणचट औषध जाईल आणि एक दिवस दाट. हे साधं मानवी इन्सुलिन टोचून अर्ध्या तासानं जेवायचं असतं. या अर्ध्या तासात गोठ्यात शेण काढायला जाऊ नका, गाय पिळायला बसू नका. ताट वाढलेलं असावं, किंवा निदान तवा चुलीवर असावा. काही नवी इन्सुलिन जेवणाच्या अगदी तोंडाशी घ्यायची असतात, तुमचं कोणतं ते विचारून घ्या. टोचायची जागा रोज थोडी बदला. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि त्या गाठीतून औषध कधी येतं, कधी येत नाही.

न उघडलेली शिशी फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या खणाजवळ कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरातली शिशी सावलीत महिनाभर चालते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घरातली सावलीही तापते आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात बुडखा रोवून लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत शिशी, वर ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. शिशी पाण्यात बुडवू नका, लेबल निघून जातं आणि मग कोणतं इन्सुलिन तेच कळत नाही.

ताट, सण, उपास

ज्वारीची भाकर कितीही चालते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ज्वारीतही पीठच आहे. चार भाकरी खाल्ल्या तर शुगर चार भाकरींइतकी वाढणार. दोन खा, आणि सोबत तुरीचं वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी जास्त घ्या. भंडारा-गोंदियाकडे भाताशिवाय जेवण होत नाही. तिथे भात मोजून एक वाटी, वरण दोन वाट्या.

औषध बदललेल्या पहिल्या काही आठवड्यांत जेवण जसं रोज असतं तसंच ठेवा. एकदम भात बंद, साखर बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी मेथीदाण्याचं पाणी, असं सगळं एकदम सुरू केलं तर शुगर कशानं उतरली ते ना तुम्हाला कळेल ना डॉक्टरांना. जेवण कमी करायचंच असेल तर आधी सांगून करा, कारण डोस तुमच्या आधीच्या जेवणावर ठरलेला असतो. आणि बाजारात मिळणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या पुड्या अजिबात नको. अशा पुड्यांत शुगर पाडणारं इंग्रजी औषध मिसळलेलं आढळलेलं आहे. गुडघेदुखीसाठी कोणी "भारी सुई" देत असेल तर त्यात स्टेरॉइड आहे का विचारा. त्यानं शुगर काही दिवस भडकते आणि दोष नव्या गोळीवर येतो.

पोळ्याला, महालक्ष्म्यांना पुरणपोळी खाऊ नका असं मी कोणाला सांगत नाही. ऐकणार कोण? एक पोळी खा, त्या जेवणात भात आणि भजी सोडा, दोन तासांनी मोजून लिहून ठेवा. वाढली म्हणून जास्तीची गोळी मात्र नाही. उपासाचं उलट आहे. साबुदाणा शुगर झपाट्यानं वर नेतो, आणि मधले लांब उपाशी तास ती खाली आणतात. भगर, दही, शेंगदाणे, थोडं थोडं करून खा. हरतालिकेचा निर्जळी उपास धरायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या ओळखीच्या बायका देवीला विचारतात, नवऱ्याला विचारतात, तेव्हा डॉक्टरांनाही विचारायला हरकत नाही.

थोडी घाई, थोडी वाट

शुगर पटकन ताब्यात आली की डोळ्यांना काही आठवडे अंधुक दिसू शकतं. नवा चष्मा लगेच करू नका, नंबर पुन्हा बदलेल. पण एकदम काळे ठिपके किंवा पडदा दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी औषध बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी करा, आधी करून पैसे घालवू नका. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा रक्त फार कमी असेल, तर हा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भात सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत. तुमचं सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांपुढे ठेवा, ते वहीतल्या आकड्यांवर जास्त भर देतील.

३०० च्या वर दोनदा आली आणि सोबत उलट्या, धाप, झापड असेल तर वाट पाहू नका. ताप किंवा हगवण लागली, जेवण जात नाही, तरी इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. दिवसातून चारदा मोजा, मिठाचं पाणी-ताक थोडं थोडं घेत राहा, आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायचं का ते फोन करून विचारा. सरकारी दवाखान्यात गोळी संपली असेल तर चार दिवस तसेच काढू नका. जनऔषधी दुकानात त्याच घटकाची गोळी बरीच स्वस्त मिळते. चिठ्ठी नेली की पुरे.

पुढच्या तपासणीला जाताना पिशवीत हे घाला: वही, मशीन, चालू गोळ्यांची पाकिटं, गाठ मारलेली जुन्या गोळ्यांची पिशवी, आणि इन्सुलिन असेल तर शिशी आणि एक सिरिंज. उपाशीपोटीचं रक्त द्यायला सांगितलं असेल तर सकाळची शुगरची गोळी आणि सुई रक्त देऊन झाल्यावरच, जेवणाच्या हिशेबानं. एसटी उशिरा येते आणि रांग लांब असते, म्हणून भाकरीचा डबा आणि ग्लुकोजची पुडीही त्याच पिशवीत.